गच्चीवरचं खडूचं घर पुसू नका

ताई,

चार महिन्यांपूर्वी आमचं घर जळालं. एका ओळीत नऊ बिऱ्हाडं होती. टोकाच्या घरातल्या वायरिंगनं पेट घेतला आणि बघता बघता सगळी ओळ गेली. माणसं सगळी वाचली, एवढंच. आम्ही भाडेकरू होतो, त्यामुळे तिथे उद्या काही उभं राहिलं तरी ते आमचं नसणार. आता दिरांच्या घरी एका खोलीत राहतोय. बाकीची आठ कुटुंबं कुठे कुठे पांगली.

मुलगी नऊ वर्षांची आहे. रोज शाळेतून आली की गच्चीवर जाते आणि खडूनं आमचं जुनं घर आखते. दार, ओटा, कपाट, सगळं जिथल्या तिथे. धाकट्यानं दारातूनच आत यायचं. तो रेघेवरून उडी मारून आला की ती रडते. माळ्यावर राहणाऱ्या कुणाशी तरी बोलते. आमच्या माळ्यावर जुन्या गाद्यांशिवाय काहीच नव्हतं. परवा तिनं आतल्या खोलीला खिडकी काढली. भाऊ म्हणाला, इथे खिडकी नव्हती. ती म्हणाली, "आता आहे."

मुलगा पाच वर्षांचा. तो ठोकळ्यांचं घर रचतो, "आग, आग" म्हणतो, पाडतो, पुन्हा रचतो. पण तो आपला कोपऱ्यात गुपचूप खेळतो, कुणाला त्रास देत नाही. काळजी मुलीची वाटते. जाऊबाई म्हणतात, पोरीच्या डोक्यावर परिणाम होईल, हे थांबव. यांनी दोनदा पाणी ओतून खडू पुसला. ती विचारते, आपण घरी कधी जायचं? मी म्हणते, जाऊ लवकरच. ती खाली गेली की कधी कधी मीच त्या रेघांच्या आत जाऊन उभी राहते आणि मला रडू फुटतं. हा खेळ चालू द्यावा का? आणि पुढच्या वर्षी मुलांना इथल्या जवळच्या शाळेत घालायचं घरात चाललंय, तेही योग्य का ते सांगा.

एक आई

•••

चालू द्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्र वाचताना सारखं वाटत होतं की माझं उत्तर पोचेपर्यंत तिसऱ्यांदा पाणी ओतलं जाईल.

तुमच्या मुलीच्या डोक्यावर काहीही परिणाम झालेला नाही. पुरावा तुमच्याच पत्रात आहे, तो त्या खिडकीत. जिला खरं आणि खोटं यातला फरक कळेनासा झालाय ती मुलगी "आता आहे" असं म्हणत नाही. ती म्हणते, "होतीच." तुमच्या मुलीला पक्कं ठाऊक आहे की जुन्या खोलीत खिडकी नव्हती आणि ती खोलीही आता नाही. हे ठाऊक असूनच तिनं खिडकी काढली. माळ्यावरच्या पाहुण्याचंही तसंच. मार्जरी टेलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या काल्पनिक सोबत्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सातव्या वर्षापर्यंत सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. ज्यांच्यात जीव कल्पून बोललं जातं अशी खेळणीही त्यांनी त्यात धरली होती. आणि प्रश्न विचारणाऱ्या मोठ्या माणसाचा गैरसमज होऊ नये म्हणून कितीतरी मुलं मध्येच थांबून सांगत, की हे खरं नाही हं, नुसतं धरलंय. तुमच्या लेकीला एकदा सहज विचारून पाहा, माळ्यावर कोण राहतं? हसू नका, परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. ती काय सांगते ते ऐका. त्या पाहुण्याला आगीबद्दल काय वाटतं हे कदाचित ती सांगेल, आणि ते तिच्या स्वतःच्या मनातलं असेल. काही मुलं "मला भीती वाटते" असं म्हणत नाहीत, पण "त्याला भीती वाटते" हे सहज म्हणतात.

घर गेलं की मोठी माणसं सामान मोजतात. कागदपत्रं, भांडी, दागिने, भाड्याची अनामत. ते मोजावंच लागतं. मुलांचं काय गेलं ते मात्र कुठल्याच यादीत येत नाही. अंधारात हात न चाचपडता जिथे जातो ते बटण. रागावल्यावर जाऊन बसायचा दाराआडचा कोपरा. रात्री जाग आली की कुठून कसला आवाज येतो याची ओळख. बाबा आले हे पायऱ्यांवरच्या पावलांवरून कळणं. नऊ वर्षांच्या मुलीनं ही सगळी माहिती अंगात साठवलेली असते आणि एका रात्रीत तिचा काही उपयोग उरत नाही. ती खडूनं घर आखते तेव्हा ही माहिती हरवू नये म्हणून कुठेतरी ठेवतेय. कपाट जिथल्या तिथे यावं म्हणून तिला आधी डोळे मिटून आठवावं लागत असेल. हे शोक करणंच आहे. आपण फोटो काढून बसतो, आठवणी सांगतो, रडतो. तिनं खडू घेतला.

आणि भाऊ भिंतीवरून उडी मारून आला की ती रडते, त्याचंही मला नवल वाटत नाही. आग लागली तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. दिरांकडे राहायला जाताना विचारलं नाही, विचारण्याची परिस्थितीच नव्हती. आजही कुठे झोपायचं, कधी दिवा घालवायचा, कुणाच्या कपाटाला हात लावायचा नाही, हे सगळं दुसरेच ठरवतात. अख्ख्या दिवसात गच्चीवरची ती चौकट एवढी एकच जागा आहे जिथे दार कुठे हे ती ठरवते. तिथेही कुणी भिंतीतून घुसलं तर तिनं काय करावं? धाकट्याला तेवढं दारातून यायला सांगा.

मुलांच्या बाबांबद्दल रागावून लिहिणं सोपं आहे, पण मला तसं वाटत नाही. तुम्ही त्या रेघांच्या आत जाऊन रडता; ते रेघा पुसतात. दोघांनाही त्या रेघा बघवत नाहीत, एवढंच मला दिसतं. घर उभं करणं ही आपली जबाबदारी असं मानणाऱ्या माणसाला रोज संध्याकाळी गच्चीवर ते घर आखलेलं दिसणं म्हणजे रोज कुणीतरी जाब विचारल्यासारखं वाटत असणार. त्यांना "पुसू नका" एवढंच सांगून भागणार नाही. त्यांना काम द्या. ओटा किती लांब होता, मोरीचं दार आत उघडायचं की बाहेर, हे मुलीला त्यांनाच विचारू दे. त्या खोलीत त्यांनी स्वतः खिळे ठोकले असतील, फळ्या बसवल्या असतील. मोजमापाच्या निमित्तानं ते बोलायला लागले, तर चार महिन्यांत जे घरात कुणी उच्चारलं नाही ते गच्चीवर उच्चारलं जाईल. आणि नाहीच बोलले, तर निदान पाणी ओतणार नाहीत.

आता तुमच्या उत्तराकडे येते. "जाऊ लवकरच."

हे तुम्ही प्रेमानं म्हणता. पण ते खरं नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलीला तुमच्या चेहऱ्यावरून ते कळत असणार. म्हणजे आता तिच्याकडे दोन गोष्टी आहेत: घर गेलं ही एक, आणि त्याबद्दल आईसुद्धा खरं सांगू शकत नाही ही दुसरी. दुसरी जास्त एकटं पाडते. मुलांना सगळे तपशील नको असतात. घरमालकाशी काय बोलणं झालं, पैसे किती उरले, हे तिला सांगायची गरज नाही. पण घराबद्दलची मुख्य गोष्ट तिला स्पष्ट शब्दांत हवी. साधारण असं सांगा: "आपण त्या घरात परत जाणार नाही. ते जळालं. मलाही त्याची खूप आठवण येते. आता आपण काकांकडे आहोत. नवीन जागा बघतोय, कधी मिळेल ते मला अजून माहीत नाही. कळेल त्या दिवशी तुला सांगेन. आपण चौघं एकत्रच राहणार आहोत." यातलं शेवटचं वाक्य तिला पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटेल. ते पुन्हा पुन्हा सांगा. ती रडेल, चिडेल, कदाचित तुमच्यावरच चिडेल. त्या दिवशी गच्चीवरचं घर मोठं होईल किंवा ती ते अजिबात काढणार नाही. दोन्ही चालेल.

तिला समोर बसवून, "सांग बरं तुला काय वाटतं" असं खोदून खोदून मात्र बोलतं करू नका. मोठ्या आपत्तीनंतर माणसांना लगेच सगळा प्रसंग तपशीलवार सांगायला लावण्याची एक पद्धत होती. तिचा उपयोग होत नाही असं दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं ती वापरू नका असंच सांगितलंय. मूल बोलेल तेव्हा हातातलं काम ठेवून ऐकायचं. दार उघडं आहे एवढं त्याला दिसलं पाहिजे.

खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते तुमच्या मुलाच्या वाक्यापाशी. "कुणाला त्रास देत नाही." सगळं घर मोठीच्या खडूकडे बघतंय, कारण तो डोळ्यांवर येतो. मला काळजी धाकट्याची जास्त वाटते.

दोघांच्या खेळात फरक आहे. मोठीचं घर बदलतं. त्यात खिडकी आली, माळ्यावर बिऱ्हाड आलं, भावासाठी नियम आले. धाकट्याचा खेळ तुम्ही लिहिलाय तसा असेल तर तो चार महिने तिथल्या तिथे फिरतोय: रचणं, आग, पाडणं, पुन्हा रचणं. कुणी वाचवायला येत नाही, कुणी बाहेर पळत नाही, पाण्याचा बंब येत नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या चौचिला इथे शाळेच्या बसमधून २६ मुलांना पळवून जमिनीखाली कोंडलं होतं. मुलं सुटून घरी आली. लेनोर टेर या बालमनोविकारतज्ज्ञ त्यानंतर या मुलांना भेटत राहिल्या. धक्का बसलेल्या मुलांच्या खेळाची एक खूण त्यांनी नीट मांडली: तोच तोच, गंभीर, जणू सक्तीनं केल्यासारखा खेळ, ज्यात गंमत नसते आणि संपल्यावर मूल मोकळं झालेलं दिसत नाही. मुलं खेळून हलकी होतात. हा खेळ हलकं करत नाही.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन बालमनोविश्लेषक बाईंनी तिथल्या हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी निवासी बालगृहं चालवली आणि मुलांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या. त्यांत एक लहान मुलगा आहे. त्याचे वडील हवाई हल्ल्यात गेले होते. तो कागदाची घरं करी, त्यांवर बॉम्ब टाकी, आणि दर वेळी सगळी माणसं वाचत. खेळ काही केल्या संपेना, कारण जे घडलं होतं त्याला खेळात जागाच नव्हती. काही महिन्यांनी वडील परत येणार नाहीत हे त्याला तोंडानं म्हणता आलं, तेव्हा कुठे तो त्यातून पुढे सरकला. तुमच्या घरी सुदैवानं कुणी गेलं नाही. तरीही तुमच्या मुलाला काय घडलं ते कुणी नीट सांगितलंय का, हे मला तुम्हाला विचारायचंय. पाच वर्षांचं मूल रिकाम्या जागा स्वतःच भरतं, आणि बहुतेकदा स्वतःला दोषी धरून भरतं. मी रडलो म्हणून आग लागली. मी दिवा चालू ठेवला म्हणून. मी मनात म्हटलं होतं घर मोडू दे, म्हणून. अशा कल्पना मुलं कुणाला सांगत नाहीत आणि कोपऱ्यात गुपचूप खेळतात.

त्याच्याजवळ जमिनीवर बसा. पहिले काही दिवस नुसतं बघा. मग त्याला विचारा, "या घरातली माणसं कुठायत?" तो म्हणेल नाहीत, किंवा म्हणेल आत आहेत. दोन्हींतून तुम्हाला काही कळेल. मग एखादा ठोकळा हातात घेऊन म्हणा, "ही आई. ही दारातून बाहेर आली. आता ही कुणाला हाक मारेल?" त्यानं ठोकळा हिसकावून घेतला तर देऊन टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. त्याच्या खेळाला दरवाजा हवाय, पण तो आपण जबरदस्तीनं पाडायचा नाही. आणि खेळाबाहेर, एखाद्या शांत वेळी, त्याला सरळ सांगा: "त्या टोकाच्या घरात वायर खराब झाली होती. म्हणून आग लागली. तू काहीच केलं नव्हतंस. आपण सगळे बाहेर आलो. आता इथे आग नाही." त्या रात्री त्याला कुणी उचलून बाहेर आणलं असेल, तर त्या माणसाचं नाव घेऊन ते सांगा. कुणीतरी आपल्याला घ्यायला आलं होतं, हे मुलाच्या आठवणीत ठळक व्हायला हवं.

आणि त्याला बालमानसतज्ज्ञाकडे घेऊन जा. घाबरून नको, पण पुढे ढकलूनही नको. पहिल्या काही आठवड्यांत मुलं पुन्हा अंथरूण ओलं करतात, आईचा पदर सोडत नाहीत, रात्री दचकून उठतात. ते बहुतेकदा हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही झोप, खाणं, बोलणं बिघडलेलं असेल, किंवा असा अडकलेला खेळ चालूच असेल, तर जाणत्या माणसाला दाखवायचं. तुमचे चार महिने झालेत. जाताना त्याच्या खेळाबद्दल लिहून न्या: दिवसातून किती वेळ, कोणते शब्द, थांबवलं तर काय करतो, झोप कशी आहे. तिथे "तसा शांत आहे" एवढंच सांगून परत येऊ नका.

मोठीच्या बाबतीत मी कशावरून सावध होईन, तेही सांगते. घर काढताना ती कोरडी, यंत्रासारखी दिसायला लागली. मैत्रिणी, अभ्यास, जेवण सोडून तिथेच बसून राहायला लागली. किंवा त्या पाहुण्याचा आवाज तिला नको असताना ऐकू येतो, तो काहीतरी करायला लावतो असं म्हणाली. यातलं काहीही तुमच्या पत्रात नाही.

आता ज्या गोष्टीकडे तुमच्या घरात कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही, ती. बाकीची आठ कुटुंबं.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक नावाच्या खोऱ्यात २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळशाच्या खाणीचा बंधारा फुटला. १२५ माणसं मेली, चार हजारांच्या आसपास माणसांची घरं गेली. सरकारनं फिरत्या घरांच्या छावण्या उभ्या करून लोकांना छप्पर दिलं. पण कोण कुणाच्या शेजारी राहत होतं हे न बघता जागा वाटल्या. समाजशास्त्रज्ञ काई एरिक्सन तिथल्या लोकांशी बोलले तेव्हा त्यांना दिसलं की लोकांना दोन धक्के बसले होते. एक पुराचा. दुसरा, ज्यांच्यात आपण आपण होतो ती माणसं आजूबाजूला नसण्याचा. छप्पर मिळूनही तो दुसरा धक्का ओसरत नव्हता. तुमच्या ओळीतल्या नऊ घरांतली मुलं रोज एकत्र खेळत असतील. आगीच्या रात्री ती एकमेकांजवळच उभी असतील. जे तुमच्या मुलीनं पाहिलं ते त्यांनीही पाहिलंय, त्यामुळे त्यांना काहीच समजावून सांगावं लागणार नाही. नव्या शाळेतली, नव्या इमारतीतली मुलं कितीही चांगली असली तरी ती हे देऊ शकत नाहीत.

तेव्हा फोन करा. आठही घरांना जमत नसेल तर ज्या दोन-तीन घरांत मुलं आहेत त्यांना. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मुलांना गच्चीवर एकत्र येऊ द्या. खेळ काय खेळायचा ते सुचवू नका. मला वाटतं, तुमची मुलगी घर आखायला लागली की दुसरं मूल म्हणेल, मग आमचं इथे. मग मधला बोळ येईल. नळ येईल. भांडण होईल, की तुमची पायरी एवढी पुढे नव्हती. होऊ द्या. एकटीच्या आठवणीत जे चुकतं ते चार जणांच्या आठवणीत दुरुस्त होतं, आणि मुख्य म्हणजे ती आठवण एकटीनं सांभाळायची राहत नाही. मोठ्यांनी त्या वेळी खाली बसून नुकसानभरपाईचं, भाड्याचं बोलावं; तेही तुम्हा सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. मुलांच्या कानावर मात्र ते नको.

त्यांना सामान द्या, पण तयार खेळघर विकत आणू नका. पुठ्ठ्याचे खोके, जुन्या चादरी, दोऱ्या, फळकुटं, चिकटपट्टी. १९४३ साली डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना कोपनहेगनमधल्या एम्द्रुप इथे मुलांसाठी एक वेगळंच मैदान सुरू झालं. त्यात झोके, घसरगुंड्या नव्हत्या. लाकडं, विटा, मोडकंतोडकं सामान होतं, आणि मुलं त्यातून स्वतः घरं बांधत. ही कल्पना होती सोरेन्सन या उद्यानरचनाकाराची. मुलं आखीव बागांपेक्षा बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात हे त्यांनी पाहिलं होतं. युद्धानंतर, १९४६ साली, ॲलन नावाच्या इंग्लिश बाईंनी ते मैदान पाहिलं आणि ती कल्पना इंग्लंडला नेली. लंडनमध्ये बॉम्बनं सपाट झालेल्या जागांवर अशी मैदानं झाली. म्हणजे जिथे घरं पडली होती त्याच जागी मुलं हातोडी घेऊन घरं बांधत होती. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ खाली खेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिला गेला. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना जर वाटत असेल की संकटाच्या काळात खेळ ही चैन आहे, तर हे त्यांच्या कानावर घाला.

एक कळकळीची विनंती. त्या खडूच्या घराचा फोटो, व्हिडिओ काढून कुणाला पाठवू नका. नातेवाइकांच्या ग्रुपवर "बघा बिचारीनं काय काढलंय" असं गेलं की तिची जागा गेली. पाहुणे आले म्हणून तिला वर नेऊन दाखवायला लावू नका. तिनं बोलावलं तर दारातून जा, चपला दाराबाहेर काढून. बसायला सांगितलं तर बसा. कौतुक करू नका, सुधारू नका. पाऊस येईल, रेघा जातील, त्याबद्दल आधी तिच्याशी बोलून ठेवा. तिला हवं असेल तर मोठ्या कागदावर नकाशा काढून, त्यावर तारीख आणि तिचं नाव घालून तिनंच सांगितलेल्या जागी तो ठेवा. नको म्हणाली तर विषय सोडा.

जाऊबाईंशीही बोलायला हवं. त्यांनी आपलं घर तुम्हाला उघडं केलंय, चार महिने चार माणसं सामावून घेतली आहेत, आणि त्यांना पुतणीची काळजी वाटते म्हणूनच त्या बोलतात. त्यांना मुलीसाठी एक ठरावीक जागा मागा. एक फळी, एक खण, जिथे बाकी कुणी हात घालणार नाही. आणि जमलं तर रोजचा थोडा वेळ त्यांचा स्वतःचा, मुलीबरोबर. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. खडतर परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, समर्थ माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे त्यांना धरून राहिलेलं किमान एक मोठं माणूस, आणि ते दर वेळी आई किंवा बाप नव्हतं. आजी होती, मावशी होती, शेजारीण होती, शिक्षिका होती. काकूही असू शकते.

तुम्ही रडता, त्याबद्दल. मुलांसमोर थोडं रडलात तर बिघडत नाही. का रडताय ते सांगा आणि रडून झाल्यावर नेहमीचं काम हातात घ्या, म्हणजे आई रडली तरी मोडत नाही हे त्यांना दिसतं. ॲना फ्रॉइड आणि बर्लिंगहॅम यांच्या नोंदींत हेही आहे की बॉम्बवर्षावात आईजवळ राहिलेल्या लहानग्यांपेक्षा, सुरक्षित जागी पण आईपासून दूर पाठवलेली मुलं जास्त कोलमडली. तुम्ही तिथे आहात. पण तुमचंही घर गेलंय, आणि पत्रभर तुम्ही ते एकाच वाक्यात लिहिलंत. तुमच्या ओळीतल्या एखाद्या शेजारणीकडे, मुलांना न नेता, एकदा जाऊन या.

मुलीनं जळालेली जागा बघायची म्हटलं तर नेता येईल. आधी तुमच्यापैकी कुणी एकट्यानं जाऊन काय उरलंय, धोका कुठे आहे ते बघून या. मग तिला काय दिसेल ते आधी सांगा, दिवसाउजेडी न्या, आणि ती म्हणेल तेव्हा लगेच परत फिरा. धाकट्याला इतक्यात नको. तज्ज्ञांना विचारून ठरवा.

शाळा बदलू नका, निदान या वर्षी आणि पुढच्या वर्षी तरी, अंतर अगदीच अशक्य नसेल तर. अमेरिकेत बेघर मुलांच्या शिक्षणासाठी मॅक्किनी-व्हेंटो नावाचा कायदा आहे, मूळ १९८७ चा. पुढच्या दुरुस्त्यांनंतर त्यात घर गेलेल्या मुलाला आधीच्याच शाळेत राहण्याचा आणि तिथे जाण्या-येण्याची सोय मिळण्याचा हक्क आहे. कारण घर गेल्यावर तोच बाक, तीच मैत्रीण, तोच वर्ग एवढंच जागेवर राहिलेलं असतं. जाण्या-येण्याचा खर्च आणि वेळ तुमच्यावर पडेल, हे मला कळतं. म्हणून आधी मुख्याध्यापकांना भेटा, परिस्थिती सांगा, बस किंवा फीमध्ये काही सवलत मिळते का विचारा, आणि त्या भागातून कुणी मुलं येत असतील तर त्यांच्या पालकांशी आळीपाळीनं पोचवण्याचं ठरवा. दोघांच्याही वर्गशिक्षकांना आगीबद्दल माहीत आहे ना, ते तपासा. "माझं घर" या विषयावर निबंध किंवा चित्र देण्याआधी त्यांना निदान कल्पना असेल, आणि तुमच्या मुलीला त्यात कुठलं घर काढायचं ते तिचं तिला ठरवू देतील.